उंबरठ्यापलीकडचा अर्धा दिवस

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आपण पाहुण्यांना मोठ्या हौसेने ऐकवतो. मात्र पाहुण्याने “मग इथे पाहण्यासारखे काय आहे?” असे विचारले, की आपण क्षणभर अडखळतो आणि वेरूळ-अजिंठ्याचे नाव सांगून मोकळे होतो. सुटी लागली की घरातील तरुण मंडळी कोकणाकडे किंवा महाबळेश्वरकडे निघतात. वडीलधाऱ्यांना एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून त्यांच्या सोबतीला कोणीतरी एक जण मागे राहतो. निघताना दारातला संवाद ठरलेला असतो. “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.” या वाक्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. त्यामागे काय दडले आहे, हे मात्र सहसा विचारीत नाही.

माझी आई हे वाक्य दोन वर्षे म्हणत होती. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना, गुडघे दुखरे. तिला बाहेर पडण्याचा कंटाळा आला आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. एके दिवशी दवाखान्यात जायचे होते, तेव्हा सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नसल्याचे लक्षात आले. खोदून विचारल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, “वाटेत लघवीला लागली तर कुठे जाऊ? तुमची पंचाईत होते.” दोन वर्षांचा तिचा ‘कंटाळा’ एवढ्या एका वाक्यात उलगडला.

वाचकहो, आपल्याही घरात असे एखादे वाक्य अडकून पडलेले असू शकेल. कोणाला लघवीची भीती असते, कोणाला पायऱ्यांची, कोणाला गाडीत मळमळण्याची, तर कोणाला आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल याची. ही भीती बोलली जात नाही. मग घराबाहेरचे जग हळूहळू अंगणापर्यंत, पुढे ओसरीपर्यंत आणि शेवटी खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत आक्रसते. चालणे कमी झाले की पायांची ताकद जाते. ताकद गेली की पडण्याचे भय वाढते आणि भय वाढले की चालणे आणखी कमी होते. हे चक्र तोडण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातच, अर्ध्या दिवसात, एका ठिकाणी जाऊन परतता येते. त्या अर्ध्या दिवसाविषयी हा लेख आहे.

आमची चूक

आईची भीती कळल्यावर आम्ही उत्साहाच्या भरात एक चूक केली. वैशाखातील एका रविवारी तिला चार देवस्थाने एकाच दिवसात दाखविण्याचा बेत आखला. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिसऱ्या मंदिरात पोहोचलो. चपला बाहेर काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून सभामंडपापर्यंत चालत गेलो. आम्ही तरुण माणसे टाचा उचलत पळालो. आई मात्र शांतपणे चालत आली. तिच्या धीराचे आम्ही कौतुकही केले. संध्याकाळी घरी पाय धुताना तळव्यावर मोठा फोड दिसला. दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना मंदावते, त्यामुळे भाजल्याचे तिला कळलेच नव्हते. ती जखम भरून येण्यास अनेक आठवडे लागले.

त्या फोडाने आम्हाला तीन गोष्टी शिकविल्या. पहिली म्हणजे ज्येष्ठांच्या सहलीत ठिकाणांची संख्या मोजायची नसते. दुसरी, परभणीचे ऊन हे सहलीचे वेळापत्रक ठरविणारे खरे यजमान आहे. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की कोठे जायचे हे आम्ही ठरविले होते, तिला विचारलेच नव्हते. पुढच्या मार्गशीर्षात आम्ही तिला विचारले. ती तत्काळ म्हणाली, “गंगेवर जाऊन येऊ.”

गंगेकडे जाणारा रस्ता

आपल्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणणारी माणसे थोडी. जुन्या पिढीच्या तोंडी ती गंगाच असते आणि तिच्या काठचे गाव गंगाखेड. परभणीहून ते साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठला निघाले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रानात वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर आणि निसवू लागलेली ज्वारी दिसते. गाडी सावकाश चालवावी आणि काच थोडी खाली करावी. ज्यांचे आयुष्य शेतात गेले, त्यांना हे दृश्य म्हणजे वाचता येणारे पुस्तक असते. आईने त्या दिवशी कोणाच्या रानात तण माजले आहे, कोणत्या तुरीवर अळी पडली असावी आणि कोणी हरभरा उशिरा पेरला, हे सगळे आम्हाला न विचारता सांगितले. घरात जिला आम्ही गोळ्यांची आठवण करून देत होतो, ती या रस्त्यावर आमची वाटाडी झाली होती.

वाटेत परभणीपासून अठरा-वीस किलोमीटरवर पोखर्णीचे नृसिंहाचे देवस्थान लागते. अनेक कुटुंबांचे ते कुलदैवत आहे. ज्यांना गंगाखेडपर्यंतचा प्रवास जास्त वाटतो, त्यांनी पोखर्णीपर्यंत जाऊन परतावे. शनिवारी आणि उत्सवाच्या दिवसांत गर्दी असते, म्हणून ज्येष्ठांसाठी इतर दिवशीची सकाळ निवडावी. परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी आणि गंगाखेड ही दोन्ही स्थानके आहेत. ज्यांना मोटारीत मळमळते, त्यांना रेल्वेचा प्रवास अधिक सुखाचा होतो. फलाटावरून डब्यात चढण्याच्या पायऱ्या मात्र उंच असतात, हे ध्यानात ठेवून मदतीला एक माणूस पुढे आणि एक मागे असावा.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. येथून ही मुलगी पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेली, दळणकांडण करता करता अभंग रचीत राहिली आणि मराठी घराघरांत जनी झाली. जात्यावर बसलेल्या शेवटच्या पिढीतील बायका आज आपल्या घरांत आहेत. त्यांना जनाबाईंच्या मंदिरात घेऊन जाणे म्हणजे केवळ दर्शन नव्हे. पहाटेचे दळण, ओव्या, सासरची पहिली वर्षे असे कितीतरी तेथे त्यांना आठवते. आपण फक्त शेजारी बसून ऐकावे. मध्येच भ्रमणध्वनी काढू नये.

नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा आग्रह धरू नये. पायऱ्यांवर शेवाळ आणि ओल असते. घाटाच्या वरच्या बाजूला घडीची खुर्ची टाकून बसले तरी पाणी डोळे भरून पाहता येते. गंगेचे पाणी अंगावर घ्यावे अशी इच्छा असेल, तर तांब्याभर पाणी वर आणून हातापायांवर घालावे. आईने तेच केले. पंचवीस मिनिटे ती काही न बोलता नदीकडे पाहत होती. परतताना तिने स्वतःहून पाणी मागितले. प्रवासात तिने पाणी मागण्याची दोन वर्षांतील ती पहिली वेळ होती.

गावातल्या गावात: पहिली पायरी

अनेक महिने घराबाहेर न पडलेल्या व्यक्तीला थेट चाळीस किलोमीटर नेऊ नये. आरंभ गावातूनच करावा. परभणी शहरात राहणाऱ्यांसाठी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर ही सर्वांत सोयीची फेरी आहे. १८ मे १९७२ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये त्यास माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. दुतर्फा झाडी, सपाट रस्ते आणि मोकळी प्रायोगिक शेते यांमुळे येथे पायऱ्यांचा प्रश्नच येत नाही. प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. रब्बी ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण याच विद्यापीठाचे. ज्या आजोबांनी ते पेरले असेल, त्यांना येथील कणसे दाखवून मत विचारून पाहावे. अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे चालणे पुरे. दहा मिनिटे चालून पाच मिनिटे बसावे, हा क्रम पुढील काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. चालताना बोलता येते का, ही सोपी कसोटी आहे. दोन वाक्ये बोलताना दम लागत असेल, तर वेग जास्त आहे असे समजून थांबावे.

उत्तरेचे डोंगर आणि येलदरीचे पाणी

परभणी म्हणजे सपाट काळी जमीन, असा समज आहे. जिंतूरच्या रस्त्याला लागले की तो दूर होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा फाटा जिल्ह्याच्या उत्तर भागात उतरला आहे. जिंतूर ओलांडल्यावर रस्ता वळणे घेऊ लागतो, माळरान आणि टेकड्या दिसू लागतात. फाल्गुनात येथे पळस फुलतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हेच डोंगर हिरवे होतात. परभणीहून जिंतूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आणि तेथून पंधरा-सोळा किलोमीटरवर पूर्णा नदीवरील येलदरी धरण आहे.

साठच्या दशकात उभे राहिलेले हे धरण आणि त्याखालचे सिद्धेश्वर धरण मिळून पूर्णा प्रकल्प होतो. परभणी, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांतील शेतीला त्याचे पाणी मिळते. येलदरीच्या पायथ्याशी वीजनिर्मितीही होते. आपल्या घरातील सत्तरी-ऐंशीतील माणसांपैकी अनेकांनी कालव्याचे पाणी पहिल्यांदा शेतात आल्याचा दिवस पाहिलेला आहे. काहींच्या नातलगांची जमीन पाण्याखालीही गेली. म्हणून येथे बोलताना दोन्ही प्रकारच्या आठवणींना जागा द्यावी. एखादे आजोबा अचानक गप्प झाले, तर त्यांना हसविण्याची घाई करू नये.

धरणाच्या भिंतीवर जाण्यास अनुमती असतेच असे नाही, ती मिळविण्यासाठी धडपडही करू नये. जलाशय रस्त्याकडेच्या उंचवट्यावरूनही छान दिसतो. हिवाळ्यात पाणथळीच्या कडेला चक्रवाक, राखी बगळे, पाणकावळे दिसतात. दुर्बीण नसली तरी चालते. ज्यांची दृष्टी अधू आहे, त्यांना पक्ष्यांचा आवाज आणि पाण्यावरून येणारा वारा पुरेसा असतो. वाऱ्यासाठी कानटोपी आणि शाल मात्र सोबत हवी. आपल्या भागात कडक थंडीच्या वर्षी पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरलेला आहे, त्यामुळे पौषात सकाळी नऊच्या आधी निघूच नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार, दमा किंवा श्वसनाचा जुना आजार असलेल्यांनी पहाटेचा गारठा टाळणे हिताचे.

जिंतूरपासून अगदी जवळ, सुमारे तीन किलोमीटरवर, नेमगिरी हे जैन लेण्यांचे प्राचीन स्थान आहे. टेकडीच्या पोटातील गुंफांमध्ये तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. मात्र गुंफांची दारे ठेंगणी असून वाकून आत जावे लागते. कंबरदुखी, चक्कर किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी बाहेर सावलीत बसून टेकडीवरील शांततेचा आनंद घ्यावा. आत गेलेल्यांनी बाहेर बसलेल्यांना ‘तुम्ही यायला हवे होते’ असे म्हणू नये. जे दिसले ते वर्णन करून सांगावे, त्यातही दर्शन घडते.

जिंतूर तालुक्यातीलच चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथील वर्तुळाकार बारवही पाहण्यासारखी आहे. बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. बारवेच्या पायऱ्या मात्र वरूनच पाहाव्यात. जुन्या दगडी पायऱ्यांची उंची असमान असते आणि कठडा नसतो. गुडघा दुखरा असलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणे अधिक अवघड जाते. जेथे उतरणे अटळ असेल, तेथे एक साधा नियम पाळावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

हुरड्याचे दिवस

पौष-माघात ज्वारीचे कणीस दुधात भरले, की आपल्याकडे निमंत्रणे येऊ लागतात. शेतातील हुरडा ही ज्येष्ठांसाठी सर्वांत उत्तम सहल आहे, कारण तेथे ते पाहुणे नसतात, जाणकार असतात. आगटी कशी करावी, कणीस किती भाजावे, हातावर कसे चोळावे, हे तेच नातवंडांना शिकवितात.

हुरडा पचायला जड असतो, म्हणून मूठ-दीड मूठ सावकाश चावून खावा. दात नसलेल्यांना तो अर्धवट चावून गिळण्याचा मोह होतो आणि घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी कोवळा हुरडा किंचित कुटून दह्यासोबत द्यावा. मधुमेहींनी सोबतचा गूळ आणि रेवड्या टाळाव्यात आणि हुरडा हा जेवणातील भाकरीचा वाटा समजावा, जेवणावरचे जास्तीचे खाणे नव्हे. रक्तदाब असलेल्यांनी खारट चटणीची केवळ चव घ्यावी. धुराचा त्रास होणाऱ्यांची बैठक वाऱ्याच्या दिशेला असावी, म्हणजे धूर त्यांच्यापासून दूर जाईल. बांधावरून चालताना ढेकळांत पाय मुरगळतो, तेव्हा गाडी शक्य तितकी आगटीजवळ न्यावी आणि बसण्यास सतरंजीऐवजी खुर्ची द्यावी. खाली बसलेल्या माणसाला पुन्हा उठविताना त्याची आणि उठविणाऱ्याची, दोघांचीही कंबर धरते.

गाडीत बसण्यापासून परतण्यापर्यंत

आता थोडे व्यवहाराचे. या गोष्टी लहान दिसतात, पण सहल सुखाची होणार की त्रासाची, हे त्यांवरच ठरते.

लघवीचा प्रश्न सर्वांत आधी आणि मोकळेपणाने बोलावा. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जावे. वाटेतील पेट्रोल पंप, परिचितांची घरे, ठिकाणावरील सोय यांची माहिती आदल्या दिवशी काढावी. ही माहिती ज्येष्ठांना सांगावी, कारण तिनेच त्यांचा अर्धा ताण उतरतो. झाकण असलेले लघवीचे भांडे, आडोशासाठी जुनी साडी, प्रौढांचे डायपर आणि जास्तीचे कपडे गाडीत ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. पाणी बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट घ्यावेत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. लघवी वाढविणारी गोळी सकाळी घ्यावी लागत असेल, तर सहलीच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

गाडीत बसताना आधी आसनाकडे पाठ करून बसावे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय बाहेर काढून, जमिनीवर नीट टेकवून, मिनिटभर थांबून उभे राहावे. बराच वेळ बसून एकदम उठल्याने रक्तदाब खाली येतो आणि तोल जातो. पुढचे आसन मागे सरकवून ज्येष्ठांना द्यावे, म्हणजे पाय मोकळे राहतात आणि मळमळही कमी होते. पट्टा सर्वांनी लावावा. दर तासाला गाडी थांबवून दोन-चार पावले चालावे. बसल्या जागी घोटे वर-खाली करीत राहावे, त्याने पायांतील रक्ताभिसरण सुधारते आणि सूज कमी होते.

सोबतच्या पिशवीत पुढील वस्तू असाव्यात:

- दिवसभराची औषधे, त्यांची यादी आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक
- मधुमेहींसाठी साखरेची पुडी आणि रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र
- दशम्या किंवा धपाटे, दही, केळी आणि पिण्याचे पाणी
- सुती मोजे, काठी, छत्री, शाल, घडीची खुर्ची
- विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या खिशात नाव आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी

इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये, उष्णतेने ते निकामी होते. मधुमेहींनी मंदिरात मोजे घालूनच चालावे आणि घरी परतल्यावर तळवे निरखून पाहावेत. अचानक घाम, थरथर, भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर रक्तातील साखर उतरली असावी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे.

छातीत दाब, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले, तर घरी जाऊन पाहू असे म्हणू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर सहलीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्वतःची गाडी नसेल तरी निराश होऊ नये. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमधून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास करता येतो. पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला निम्मे भाडे आहे. २०२३ पासून महिलांनाही निम्म्या भाड्याची सवलत आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवावा. बाजाराचा दिवस आणि शाळा-महाविद्यालयांची वेळ टाळली, तर पुढची जागा मिळते. शेजारच्या दोन-तीन घरांतील ज्येष्ठांनी मिळून एखादी गाडी ठरविली, तर खर्चही विभागतो आणि गप्पाही रंगतात.

सांभाळणाऱ्यांसाठी चार शब्द

ज्या सुनेने, मुलीने किंवा मुलाने वर्षानुवर्षे घरातल्या आजारपणाची जबाबदारी उचलली आहे, त्यांनाही हा अर्धा दिवस हवा असतो. पहाटे चारला उठून सगळ्यांचा स्वयंपाक करावा लागणार असेल, तर ती त्यांची सहल नव्हेच. आदल्या रात्रीच्या दशम्या पुरतात. शक्य असल्यास दोन माणसे सोबत असावीत, म्हणजे एकाला नदीकाठी पंधरा मिनिटे एकटे बसता येते. त्या पंधरा मिनिटांचा अपराध वाटू देऊ नये.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला नव्या जागेपेक्षा ओळखीची जागा बरी. जेवणाची आणि झोपेची वेळ मोडू नये. तीच गोष्ट त्यांनी पाचव्यांदा सांगितली, तरी ‘हे झाले सांगून’ असे म्हणू नये. त्या अस्वस्थ होऊ लागल्या, तर वाद न घालता गाडी वळवावी.

किंबहुना परत फिरण्याची मुभा हाच या सहलींचा पहिला नियम असावा. निघतानाच सर्वांसमक्ष सांगावे, “तुम्ही म्हणाल तेथून परत फिरू, कोणी काही बोलणार नाही.” हे वचन मिळालेले माणूस सहसा परत फिरण्यास सांगत नाही. खोळंब्याची भीती गेली की पाय आपोआप पुढे पडतात.

आम्ही त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी घरी पोहोचलो. एकच ठिकाण पाहिले होते. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, तेव्हा आईने त्यांना गंगेचे पाणी किती आहे, कापसाची वेचणी कोठवर आली आहे, याची बातमी दिली. पुष्कळ दिवसांनी तिच्याजवळ दुसऱ्याला सांगण्यासारखे काहीतरी होते. निरोप घेताना काकूंनी विचारले, “पुन्हा कधी जाणार?” आई म्हणाली, “हुरड्याला. तुम्हीही चला.”

पुढच्या रविवारी आपल्या घरातील त्या खुर्चीजवळ जाऊन बसा. ‘चला’ असे म्हणण्याआधी ‘कुठे जावेसे वाटते?’ एवढेच विचारा. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित पहिल्यांदा “मी कशाला?” असेच ऐकू येईल. थोडे थांबा आणि पुन्हा विचारा. त्यांच्या मनात एखादे गाव, एखादी नदी, एखादे शेत नक्की असते. ते आपल्या जिल्ह्यातच, तासाभराच्या रस्त्यावर असण्याची शक्यता मोठी आहे.